मीटरचा लाल दिवा ते स्वयंपाकघरातला पडदा : तिसरी नोंद

संध्याकाळचे साडेपाच. घरात एक पंखा आणि टीव्ही एवढंच चालू, आणि पडद्यावर ६२०० वॅट. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, हे बघ की काय दाखवायला लागलंय!" विजेच्या मीटरचा दिवा मोजून घरात किती वीज चाललीय ते दाखवणारा हा छोटा पडदा मी बनवलाय; मागच्या नोंदीत तो सुरू झाल्याचं लिहिलं होतं. पुढचे तीन आठवडे तो सुरळीत कसा करायचा यातच गेले.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही बेळगावात, वडगावला राहतो. मीटर व्हरांड्यात पश्चिमेच्या भिंतीवर आहे. त्याच्या लाल दिव्याशेजारी ३२०० इम्पल्स दर युनिट असं छापलंय, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एका लुकलुकीत ११२५ जूल. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं आणि ११२५ ला त्यानं भागायचं, की वॅट मिळतात. सेन्सर पेटीच्या काचेवर बाहेरून टेकवलेला आहे. सीलला आणि वायरिंगला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून पाळतोय.

हा खटाटोप गृहज्योतीसाठी, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेसाठी. २०२२-२३ ची महिन्याची सरासरी आणि वर दहा टक्के एवढे युनिट फुकट, त्यावरचे तेवढे भरायचे, पण महिन्याला २०० ओलांडले की पूर्ण बिल आपल्या माथी. बिल हातात येतं तेव्हा महिना संपलेला असतो. आईला रोज सकाळी 'किती उरले' हे दिसायला हवं होतं.

आता त्या ६२०० कडे येतो. आमचा मंजूर भार ३ किलोवॅट, तेव्हा हा आकडा खरा असणं शक्यच नव्हतं. मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरपुढं उभा राहिलो. दहा लुकलुकींना ९३ सेकंद लागले, म्हणजे १२१ वॅट. पंखा आणि टीव्ही मिळून तेवढेच होतात. मीटर बरोबर होता, चूक माझ्या सेन्सरची होती. कोडमध्ये शिरण्याआधी असं डोळ्यानं मोजून बघाच. माझे दोन दिवस कोडमध्ये गेले होते.

कारण सापडलं ते दारातल्या शेवग्यात. ऊन तिरपं झालं की शेवग्याची सावली मीटरवर पडते, आणि वारा सुटला की ती बारीक पानं हलतात. प्रत्येक हालचालीला एलडीआरला, म्हणजे माझ्या उजेड ओळखणाऱ्या सेन्सरला, उजेड-अंधार दिसायचा आणि बोर्ड, म्हणजे मोजणी करणारा छोटा संगणक, ती लुकलुक म्हणून मोजायचा. ढगाळ दिवशी आकडे अगदी बरोबर यायचे, त्याचा उलगडा आता झाला. एलडीआर काढून फोटोट्रान्झिस्टर हा उजेड ओळखणारा दुसरा भाग लावला, त्याला काळ्या हीटश्रिंकची (तापवल्यावर आकसणाऱ्या प्लास्टिकची) बोटाएवढी नळी घातली. कोडमध्ये २०० मिलिसेकंदांच्या आत आलेली दुसरी पल्स, म्हणजे लुकलुकीची खूण, सोडून द्यायला सांगितलं. तेवढ्या अंतरानं पल्स येत राहायच्या तर ५६२५ वॅट लागतील, ते आमच्या घरी होत नाही.

दुसरा बिघाड जास्त छळणारा निघाला. बोअरची मोटर चालू केली की पडद्यावर ठिपक्यांचा चिखल व्हायचा, कधी पडदा काळाच पडायचा. पहिला संशय पॉवर सप्लायवर गेला. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, फरक शून्य. मग वायफायवरून बोर्डाचं पान उघडलं, तर पल्सची मोजणी बिनचूक पुढं चालली होती. म्हणजे बोर्ड जागा होता, फक्त पडदा भरकटला होता. बोर्डापासून पडद्यापर्यंत आय-टू-सीच्या दोन मीटर तारा मी मोटरच्या वायरबरोबर एकाच केसिंग-पट्टीतून नेल्या होत्या. आय-टू-सी ही मुळात एकाच बोर्डावरच्या चिपांनी आपापसांत बोलायची पद्धत, दोन मीटर तिला फार होतात. स्टार्टरचा खटका बसला की तारांत झटका शिरायचा आणि पडद्याच्या चिपला भलताच हुकूम मिळायचा.

दर मिनिटाला पडदा नव्यानं सुरू करायचा, हा उपाय दोन दिवस चालवला. पटला नाही, कारण दुखणं तसंच राहत होतं. शेवटी बोर्डच पडद्याच्या मागं नेऊन बसवला. आता आय-टू-सीच्या तारा दहा सेंटिमीटर आहेत आणि लांबचा प्रवास पल्सची एकटी तार करते, तीही मोटरच्या वायरपासून वेगळ्या वाटेनं. गेल्या बारा दिवसांत मोटर रोज चालली, पडदा एकदाही बिघडला नाही.

पडद्याच्या उजव्या कडेला दोन ठिपक्यांची कचऱ्याची पट्टी दिसत असेल तर तो वेगळा प्रश्न. १.३ इंची पडद्यात बहुधा एसएच११०६ चिप असते. तिची स्मृती १३२ रकान्यांची, तर कोडमध्ये चुकून लिहिलेल्या एसएसडी१३०६ या दुसऱ्या चिपची १२८. कोडमध्ये चिपचं नाव बदललं की पट्टी जाते.

मोटर बंद केल्यावरही ८०० वॅट तसेच दिसत राहायचे, कारण पुढची पल्स येईपर्यंत हिशोबच होत नव्हता. आता शेवटच्या पल्सनंतर गेलेल्या सेकंदांनी ११२५ ला दर सेकंदाला भागतो. उत्तर आधीच्या आकड्यापेक्षा लहान आलं तर तेच दाखवतो. आकडा हळूहळू खाली येतो, आणि खोटा नसतो. याच बदलामुळं कळलं, की घरातलं सगळं बंद असताना दिवा ४५ सेकंदांनी लुकलुकतो. ते २५ वॅट इन्व्हर्टरचे.

आणि मराठी. बिल कन्नडमध्ये येतं, पडदा इंग्रजीत, मग आईनं वाचायचं काय? पडद्यावर अक्षरं काढणाऱ्या यू-एट-जी-टू या तयार कोडच्या लायब्ररीत युनिफॉन्ट नावाच्या फॉन्टची देवनागरी अक्षरं आहेत. आकडे पहिल्याच फटक्यात सुरेख उमटले, शब्द मात्र मोडले. ही लायब्ररी अक्षरं ज्या क्रमानं साठवलेली असतात त्याच क्रमानं मांडते, जोडत नाही. म्हणून 'शिल्लक' मधली पहिली वेलांटी श च्या उजवीकडं गेली आणि ल्ल च्या जागी पाय मोडलेला ल आणि पुढं सुटा ल आला. आपली लिपी अशी तुटलेली मला बघवेना. 'शिल्लक', 'आज' आणि 'युनिट' हे तीन शब्द कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरांत काढले, एका रंगाच्या चित्रात बदलले आणि चित्र म्हणूनच पडद्यावर ठेवले. आकडे फॉन्टमधून येतात. शब्दांची शिरोरेषा आणि आकड्यांचा माथा एका ओळीत दिसावा म्हणून चित्रं तीन ठिपके खाली सरकवावी लागली. यात अख्खा रविवार गेला, पण या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

सात दिवसांची पडताळणी : मीटरवर ३१.४ युनिट वाढले, माझ्याकडे १,००,३९१ पल्स, म्हणजे ३१.३७. वीज गेल्यावर मोजणी पुसली जाऊ नये म्हणून बोर्ड इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घेतलाय. पुढच्या वेळी पल्सच्या तारेला पावसाळी कव्हर करायचंय, व्हरांड्यात जूनपासून पाऊस आडवा येतो.

आज सकाळी चहा टाकता टाकता आईनं न विचारताच सांगितलं, "शिल्लक त्रेसष्ट."