अटल सेतूनंतर आजोबांच्या जमिनीची वारस नोंद – माझा अनुभव

जानेवारी 2024 ला मुंबईतल्या शिवडीहून समुद्रावरून उरणच्या बाजूला जाणारा अटल सेतू सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत आईला अशा अशा नातेवाईकांचे फोन यायला लागले ज्यांनी लग्नपत्रिका द्यायच्या वेळेशिवाय कधी फोन केला नव्हता. आईचं माहेर उरण तालुक्यात, चिरनेरच्या बाजूला. आम्ही राहतो काळाचौकीला, म्हणजे सेतूचं शिवडीचं टोक आमच्या घराजवळच. आजोबांची भातशेतीची थोडी जमीन तिकडे आहे, मोठा मामा कसतो, आणि इतकी वर्षं त्या जमिनीबद्दल घरात विषय निघायचा तो फक्त वर्षाचे तांदूळ आले की.

आधी जाणं कसं होतं ते सांगते, म्हणजे फरक कळेल. भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराची लाँच, ती पण ओहोटी असली की गाळामुळे बंद, मग उरणहून एसटी मिळेल तेव्हा. नाहीतर वाशी, बेलापूर, उरण फाटा करत जेएनपीटी बंदराच्या कंटेनरच्या लाइनीत अडकून जायचं. जाऊन येऊन दिवस संपायचा. आता गाडी असेल तर शिवडीला चढायचं, 21.8 किमी, त्यातले साडेसोळा समुद्रावर, ट्रॉम्बेच्या बाजूला उंच आडोसे लावलेत त्यामुळे तिथे काही दिसत नाही, आणि अर्ध्या तासाच्या आत चिर्ले, म्हणजे सेतूचं उरणकडचं टोक. टोल एका बाजूचा 250, जाऊन येऊन 375. पण मामाकडे बाइक आहे आणि सेतूवर टू-व्हीलर चालत नाही, रिक्षाही नाही. उलव्याहून मंत्रालयाकडे एनएमएमटीच्या (नवी मुंबई पालिकेच्या) एसी बस निघाल्या त्याचा मामाच्या गावाला काय उपयोग? मामा आजही मुंबईत यायचं तर लाँचच बघतो. म्हणजे मुंबईवाला गावात पोचायला लागला, गाववाला मुंबईत तेवढा नाही, हे मला सगळ्यात आधी जाणवलं.

ब्रोकर मात्र पोचले. दास्तान फाट्यापासून पुढे सगळीकडे बोर्ड, सेतूपासून अमुक मिनिटं, एअरपोर्टपासून तमुक मिनिटं. एकाच शेताचा गुंठ्याचा भाव एकाने जेवढा सांगितला त्याच्या दुप्पट दुसऱ्याने त्याच आठवड्यात सांगितला, आणि दोघांनाही आमच्या जमिनीचा गट नंबर माहीत नव्हता. शेवटी एकजण थेट आईकडे आला, म्हणे मावशी, सगळ्या वारसांनी फक्त कुलमुखत्यारपत्रावर (तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) सह्या करा, बाकी कागद आम्ही बघतो, टोकन आजच देतो. आईने त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं. मग मामा, मावशी, आम्ही सगळे बसलो आणि ठरलं की विकायचं की नाही ते नंतर, आधी कागद आपल्या नावावर करू. धावपळीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी धाकटी आणि मला कॉम्प्युटर येतो!

सातबारा ऑनलाइन काढणं सोपं, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. त्यात काय आहे ते बघून डोकं फिरतं. आजोबा जाऊन पंचवीसेक वर्षं झाली तरी कब्जेदार, म्हणजे मालक म्हणून नाव, तेच. इतर अधिकार या रकान्यात गावच्या शेतकी सोसायटीच्या कर्जाचा बोजा, जो मामाच्या म्हणण्याप्रमाणे कधीच फिटलाय पण कमी कोणी केला नाही. आणि त्याच रकान्यात आजोबांच्या दोन बहिणींची नावं. पूर्वी ही पद्धतच होती, मुलगे कब्जेदार आणि मुलींना ढकला इतर अधिकारात. त्या दोघी आता नाहीत, त्यांची मुलं-नातवंडं पेण, अलिबाग, ठाणे अशी विखुरलेली, म्हणजे त्यांनाही शोधायचं आलं.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात). ई-हक्क पोर्टलवरूनही करता येतो. मी दोन्हीकडून लागले कारण ऑनलाइन टाकला तरी कागद घेऊन बोलवतातच. आजोबांचा मृत्यूचा दाखला, वारसांची वंशावळ दाखवणारं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार, रेशन कार्ड. आजोबा मुंबईत वारले होते म्हणून दाखला महापालिकेतून मिळाला, पण त्यावर नाव एक, सातबाऱ्यावर दुसरं आणि जुन्या हस्तलिखित फेरफारात (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) तिसरंच, कुठे वडिलांचं नाव आहे तर आडनाव नाही. मग तिन्ही नावं एकाच माणसाची असं वेगळं अ‍ॅफिडेव्हिट. जुन्या फेरफाराची नक्कल काढायला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज द्यायचा. तिथला माणूस बांधलेलं पिवळं रजिस्टर काढून पानं अशी हळू उलटायचा की माझाच श्वास अडकायचा, कडा हाताला लागून तुटत होत्या.

अर्ज गेला की आधी वारस नोंदवहीत नोंद होते, मग फेरफार धरतात, मग सगळ्या हितसंबंधितांना नोटीस, 15 दिवसांत हरकत घ्यायची, नाही आली तर तलाठ्याच्या वरचे मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. कागदावर हे साधं दिसतं. आमच्यात हरकत आली आणि ती घरातूनच आली. मोठ्या मामाच्या मुलाचं म्हणणं, आत्यांनी (म्हणजे आई आणि मावशीने) हक्कसोडपत्र द्यावं, कसतो आम्ही, चिखल आम्ही तुडवतो. चुकीचं पूर्ण नाही त्याचं. पण आई म्हणाली, "बाळा, सेतू व्हायच्या आधी मागितलं असतंस तर चहा पिता पिता सही केली असती." त्यावर तो गप्प. मामा पण गप्प.

वकिलाने शांतपणे समजावलं की हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीला मुलाएवढाच हक्क आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असायची गरज नाही. हक्कसोड द्यायचं तर मर्जीने, रजिस्टर करून. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित जमिनीवर स्टॅम्प ड्यूटी नाममात्र असते, म्हणूनच की काय लोक बहिणींना सहज बोलवतात सहीला. शेवटी मामाने मुलाला हरकत मागे घ्यायला लावली आणि आई-मावशीचं नाव कब्जेदारात लागलं. मावशी तर तो सातबारा लॅमिनेट करून घेऊन आली.

मध्येच अजून एक झालं. ऑक्टोबर 2024 ला सरकारने कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी एमएमआरडीएला (मुंबई परिसराचं नियोजन करणारं प्राधिकरण) नेमलं, उरण, पनवेल, पेणमधली 124 गावं, 323 चौरस किमी, त्यालाच सगळे तिसरी मुंबई म्हणतात. यात काही गावं आधी सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) नैना या विकास क्षेत्रात होती, काही खोपट्याच्या जुन्या नवनगरात, म्हणजे प्लॅनिंग करणारा बदलला. गावागावांतून हरकती गेल्या. ब्रोकर सांगतो भाव वाढला, मामा म्हणतो घेणारा नक्की कोण आणि देणार काय? तो जासईच्या 1984 च्या आंदोलनाच्या गोष्टी ऐकत मोठा झालाय, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले, त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना (घेतलेल्या जमिनीच्या तेवढा हिस्सा विकसित भूखंड म्हणून शेतकऱ्याला परत) आली. सेतूवरून उतरलं की जासई लगेच येते, पण मुंबईहून जमीन बघायला येणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

माझं मत झालंय ते असं की इकडे भाव सेतूपासूनच्या मिनिटांवर बोलला जातो आणि ठरतो मात्र कागदावर. जमीन वर्ग एक (विकायची मोकळीक) की दोन (विकायला सरकारी परवानगी), झोन दाखल्यात (जमीन कुठल्या वापरासाठी आहे तो कागद) काय लिहिलंय, रस्ता नकाशावर आहे की फक्त पायवाट, यावर एकाच गावात दोन शेतांचे भाव जमीन-अस्मान. त्यात बाहेरून घेणारा शेतकरी नसेल तर कूळकायद्यामुळे शेतजमीन परवानगीशिवाय त्याच्या नावावर होतच नाही, आणि तुकडेबंदीमुळे (शेताचे छोटे तुकडे करायला बंदी) दोन-तीन गुंठे तोडून विकायचं म्हणाल तर तेही इतकं सरळ नाही. बोर्डवर हे कोणी लिहीत नाही.

सध्या सोसायटीकडून बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला आणून तो बोजा कमी करायचा अर्ज दिलाय. मोजणीचेही पैसे भरलेत, पण शेजारच्या शेतवाल्याचा बांध आमच्या हद्दीत आलाय असं मामाचं म्हणणं आणि शेजारी म्हणतो उलटं आहे, दोघं लहानपणापासूनचे मित्र, आता एकमेकांशी बोलत नाहीत. भूमी अभिलेखवाले आले की दोघांनाही हजर राहायचंय. आजोबांच्या बहिणींच्या पेणच्या नातवंडांपैकी एकाची सही अजून बाकी आहे, तो मस्कतला असतो, दिवाळीला येतो म्हणालाय.