जॉइनवर अडकलेला प्रोग्रॅम

प्रतिमांवरचं काम चार वर्करमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रोसेसमध्ये, वाटून देणारा हा पायथॉन प्रोग्रॅम. लॉगमध्ये चारही वर्करनी ‘काम संपलं’ असं छापलं होतं, तरी मुख्य प्रोसेस जॉइन()च्या, म्हणजे वर्कर संपायची वाट पाहण्याच्या, ओळीवरून हलेना. सीपीयू शून्यावर आणि एरर एकही नाही. चाचणीत हाच कोड रोज पास होत होता.

पाय-स्पाय या चालू पायथॉन प्रोसेसमध्ये डोकावणाऱ्या साधनाने अडकलेल्या वर्करचा डंप काढला, म्हणजे त्याचा कुठला थ्रेड कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते पाहिलं. मेन थ्रेड _फायनलाइझ_जॉइनमध्ये थांबलेला, क्यूफीडरथ्रेड _सेंडमध्ये. तिथेच उलगडा झाला. मल्टिप्रोसेसिंग या पायथॉनच्या मॉड्यूलमधल्या क्यूमध्ये, म्हणजे प्रोसेसमधल्या देवाणघेवाणीच्या रांगेत, वस्तू टाकणारं पुट() लगेच परततं, कारण ऑब्जेक्ट नुसता एका बफरमध्ये पडतो; तो पिकल करून (बाइटमध्ये बदलून) दोन प्रोसेस जोडणाऱ्या पाइपमध्ये लिहायचं काम मागचा फीडर थ्रेड करतो. लिनक्सवर पाइपमध्ये मुळात 65,536 बाइट मावतात. तो भरला की फीडर थांबतो आणि फीडर मोकळा झाल्याशिवाय वर्कर संपत नाही. पालक, म्हणजे मुख्य प्रोसेस, जॉइन()मध्ये बसलेला, मग पाइप रिकामा कोण करणार? चाचणीतली प्रतिमा 100×100 रंगीत, म्हणजे 30,000 बाइटची. ती पाइपमध्ये आरामात मावत होती.

आधी सगळे निकाल क्यूमधून गेट() करून काढायचे, मग जॉइन(), एवढ्याने अडकणं थांबलं. वेग मात्र आला नाही. 3840×2160 ची एक फ्रेम 2,48,83,200 बाइटची. ती पिकल होणार, साधारण 380 पाइपभर तुकड्यांनी पलीकडे जाणार आणि तिथे पुन्हा उभी राहणार. शिवाय पिकलिंग फीडरमध्ये होत असल्याने पुट() नंतर तोच ॲरे बदलला तर पलीकडे बदललेली फ्रेम जाऊ शकते. ही चूक शोधणं फार जिकिरीचं, कारण कुठेच काही मोडत नाही, नुसती चित्रं चुकीची येतात.

म्हणून फ्रेम जागेवरच ठेवली. पायथॉन 3.8 पासून मिळणाऱ्या शेअर्डमेमरीचा, म्हणजे सगळ्या प्रोसेसना थेट दिसणाऱ्या मेमरीचा, एक ब्लॉक घेतला, त्यात एकेका फ्रेमचे आठ स्लॉट, एकूण सुमारे 199 एमबी. दोन क्यू: एकात रिकाम्या स्लॉटचे क्रमांक, दुसऱ्यात भरलेल्या. कॅमेऱ्यातून फ्रेम वाचणारी प्रोसेस न थांबणाऱ्या गेट_नोवेट()ने रिकामा स्लॉट मागते. एम्टी, म्हणजे क्यू रिकामी असल्याचा एरर, आला तर ती फ्रेम सोडून पुढे जाते, थांबत नाही. थेट कॅमेऱ्यासाठी हे चालतं. एकही फ्रेम गमवायची नसेल, तर मात्र टाइमआउट देऊन थांबावंच लागतं.

डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम चालवायच्या बंदिस्त वातावरणात) पहिल्याच दिवशी वर्कर एक्झिटकोड -7 देऊन मेले, म्हणजे बस एरर: मेमरीमागे प्रत्यक्ष जागाच नव्हती. डॉकर शेअर्ड मेमरीला मुळात 64 एमबीच देतो. ब्लॉक तयार होताना तक्रार येत नाही, प्रत्यक्ष लिहायला गेलं की प्रोसेस पडते. कंटेनर सुरू करताना शेअर्ड मेमरीची मर्यादा 512 एमबी केली.

नम्पाय या गणिती लायब्ररीचा ॲरे त्या ब्लॉकच्या मेमरीवर उभा केल्यावर शेअर्डमेमरीचा ऑब्जेक्ट व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावा लागतो. फंक्शनमधून नुसता ॲरे परत केला, की ऑब्जेक्ट नष्ट होताना मेमरी सुटते आणि पुढच्या वाचनाला सेगफॉल्ट येतो, म्हणजे प्रोसेस तिथेच कोसळते. क्लोज(), म्हणजे आपला वापर संपवणं, प्रत्येक प्रोसेसने करायचं; अनलिंक(), म्हणजे ब्लॉकच काढून टाकणं, फक्त तो बनवणाऱ्याने, एकदाच.

राहिला प्रश्न मध्येच मेलेल्या वर्करचा. त्याच्या हातातला स्लॉट परत येत नाही. असे आठ गेले की सगळ्याच फ्रेम सुटत राहतात. त्यामुळे वर्कर स्लॉट उचलताच त्या स्लॉटचा क्रमांक एका छोट्या सामाईक ॲरेत लिहितो. पालक दर सेकंदाला एक्झिटकोड तपासतो आणि मेलेल्याचा स्लॉट रिकाम्यांच्या क्यूमध्ये परत टाकतो.