ठेवतलस खय?

"माजा रगत घेवन तू करतलस काय रे, आणि ठेवतलस खय?" कुडाळजवळच्या एका वाडीतल्या आजींनी एप्रिल 2021 मध्ये मला हे विचारलं. त्या कोविडमधून नुकत्याच उठल्या होत्या आणि मी, एका छोट्या लॅबचा टेक्निशियन, बरे झालेल्यांचं रक्त अँटिबॉडीच्या अभ्यासासाठी गोळा करत फिरत होतो. फॉर्मवर लिहिलेलं 'भविष्यातील संशोधनासाठी जतन', ते त्यांना वाचून दाखवून काय उपयोग? मग मालवणीतच सांगितलं की आये, उद्या नवा ताप इलो तर आजच्या रगतात बघूक गावता, नाव नाय, नंबर असता, नको वाटला तर सांग, काढून टाकतंव. तेव्हा कुठे अंगठा दिला.

असं चाळीसेक जणांचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी, अँटिबॉडी त्यातच असतात) आमच्या उणे 20 च्या डीप फ्रीजरमध्ये होतं. 16 मे ला तौक्ते चक्रीवादळ आलं, वीज गेली, जनरेटर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला मग डिझेल संपलं आणि रस्त्यावर आंबे-फणस आडवे पडलेले त्यामुळे कुणी आणूही शकेना. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर रॅकमध्ये पाणी साचलेलं, लेबलं सुटून तळाला गोळा झालेली, पेनाची शाई पसरलेली. सीरम वितळलं ते एक, पण नंबर पुसला म्हणजे सॅम्पल गेलंच, कारण कुणाचं, आजारानंतर कितव्या दिवसाचं, लस घेतलेली की नाही हे कळत नसेल तर त्या ट्यूबमध्ये नुसतं पिवळं पाणी उरतं. सगळं हायपोमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या ब्लीचच्या पाण्यात, ओतलं. तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

बायोबँक, म्हणजे असे नमुने त्यांच्या माहितीसकट पुढच्या अभ्यासासाठी जपून ठेवायची जागा, म्हटलं की लोकांना मोठं मशीन दिसतं. मला दिसतं ते बर्फात न सुटणारं लेबल, एकाच ट्यूबऐवजी पाच छोट्या ट्यूब (म्हणजे एक वितळवली तरी चार शाबूत), तापमान वाढलं की रात्री 2 ला फोनवर वाजणारा अलार्म. आणि हे साथीच्या आधी लागतं. देशातला पहिला पेशंट 30 जानेवारी 2020 ला केरळात सापडला आणि आयसीएमआरने (देशातली वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) कोविड सॅम्पल साठवायला 16 संस्था नेमल्या त्या मे मध्ये, तोवर जे टाकलं गेलं ते गेलं.

आमच्याकडे तर हे आधीच कळायला हवं होतं. 2016 ला आमच्याच जिल्ह्यातल्या दोडामार्गात माकडताप (गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूचा ताप) आला, काजूच्या बागेत जाणारी माणसं आजारी पडली. तो विषाणू त्याच वर्षी आला की आधीपासून जंगलात फिरत होता? 2014-15 च्या तापाच्या पेशंटचं सीरम कुठे ठेवलेलं असतं तर तपासता आलं असतं. जून 2021 मध्ये राज्यात डेल्टा प्लस या कोविडच्या नव्या प्रकाराचे 21 पेशंट जाहीर झाले, त्यातले 9 रत्नागिरीचे, 1 सिंधुदुर्गाचा. स्वॅबवरून विषाणू कुठला ते समजलं, पण एकाला साधा ताप आणि दुसऱ्याला ऑक्सिजन का, याचं उत्तर शोधायला त्याच माणसांचं आधीचं-नंतरचं रक्त लागतं.

आणि वीज? आमचे गुरांचे डॉक्टर कित्येक वर्षं वळूचं वीर्य लिक्विड नायट्रोजनच्या कॅनमध्ये घेऊन वाड्यावाड्यांत फिरतायत, उणे 196, विजेची गरजच नाही, वेळच्या वेळी भरत राहिलं की झालं. गायींसाठी जमतं तर माणसांसाठी जिल्ह्याला असे चार कॅन आणि ते भरायला एक माणूस का मिळू नये, हे मी भेटेल त्या साहेबांना विचारतो.

वर्षभराने त्या आजी बाजारात भेटल्या. "माजा रगत आसा मा रे?" खोटं बोलवेना, सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "मगे परत घे. पण लाईट गेली तर काय करतलस, ता आदी सांग."