३४ अंशांची चलबिचल

मे महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या घरातला तापमापक ३४वर टेकला की बाकीचे पंख्याखाली सरकतात आणि मला लुटिडिन आठवतं. हा उग्र वासाचा द्रव. पाण्यात योग्य प्रमाणात मिसळला तर सुमारे ३४ अंशांपर्यंत गुण्यागोविंदाने नांदतो, त्यावर फारकत. खरी गंमत ऐन उंबरठ्यावर, काहीच ठरत नसतं तेव्हा.

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं असंच चाललंय. ठराव मंजूर झाला किंवा बारगळला, की ज्याचं मत त्याच्या मजल्यापुरतं. पण सगळं अधांतरी असताना तळमजल्यावरच्या काकूंनी नुसतं नाक मुरडलं तरी सातव्या मजल्यावरची सही अडते! त्या मिश्रणातही इथे पाणी जरा जास्त, तिथे लुटिडिन, असे पुंजके वाढत जातात. एकाची चुळबुळ लांबवर पोचते. नितळ द्रव दुधाळ होतो.

ही चलबिचल दोन भिंतींमध्ये कोंडली तर? फटीत न मावणारे पुंजके आत तयारच होत नाहीत, बाहेर मात्र त्यांचा धुमाकूळ चालू. या तफावतीतून भिंतींवर बल येतं. डच भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक कॅसिमिरने १९४८मध्ये निर्वातातल्या धातूच्या पाट्यांबद्दल असंच काहीसं सांगितलं होतं. फिशर आणि द जेन यांनी १९७८मध्ये तो विचार क्रांतिक बिंदूजवळच्या, म्हणजे अशाच उंबरठ्यावरच्या, द्रवांना लावला. पुढची वीसेक वर्षं गणितच जास्त. १९९९मध्ये गार्सिया आणि चॅन यांनी तांब्यावर द्रव हेलियमचा पापुद्रा धरला. निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.१७ अंशांवर हेलियम अतिप्रवाही होतो, म्हणजे घर्षणाशिवाय वाहू लागतो; त्या सुमारास याच बलाने पापुद्रा चक्क पातळ झाला.

सत्येंद्रनाथ बोस यांचं नाव लावणाऱ्या आदर्श वायूचं गणित याहून चमत्कारिक. अतिथंडीत त्याचे बरेचसे कण एकाच अवस्थेत गोळा होतात, ते संघनन. संघनन होण्याआधी फट रुंदावली की बल भराभर विरतं. संघनन झाल्यावर मात्र चिवटपणे लांबवर टिकतं.

मला तरी लुटिडिनच आपलं वाटतं. कसली अतिशीत यंत्रणा नको. २००८मध्ये स्टुटगार्टला पाणी-लुटिडिनच्या मिश्रणात प्लास्टिकचा सूक्ष्म मणी काचेजवळ ठेवून हे बल थेट मोजलं. मणी आणि काच दोघांची ओढ एकाच द्रवाकडे असेल तर मणी काचेकडे खेचला जातो. एकाला पाणी नि दुसऱ्याला लुटिडिन प्रिय असेल तर दूर ढकलला जातो. आणि तापमान उंबरठ्यापासून अंशाच्या काही दशांशांनी खाली आणलं, की ओढही नाही आणि ढकलणंही नाही.