उर्किसाच्या वाड्यात

कोन्सेप्सिओन देल उरुग्वाय या गावातून टॅक्सीने निघालो आणि अर्ध्या तासात सान होसे वाड्यासमोर उतरलो. अर्जेंटिनाचा हा एंत्रे रिओस प्रांत म्हणजे अक्षरशः दोआब. पश्चिमेला पाराना नदी, पूर्वेला उरुग्वाय नदी, मध्ये गुरांचे माळ. जनरल हुस्तो होसे दे उर्किसा १८०१ साली इथेच जन्मला, १८४२ मध्ये प्रांताचा गव्हर्नर झाला आणि पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष.

वाडा दोन चौकी. पुढच्या चौकाच्या ओसरीवरून चालताना डोळ्यांसमोर येतात ती चित्रकार ब्लानेसने रंगवलेली उर्किसाच्या लढायांची चित्रं. पण चित्रांत सगळं दिसत नाही. इंडिया मुएर्ता आणि वेन्सेसच्या लढायांनंतर त्याच्या माणसांनी कैदी कापले होते. तेव्हा तो रोसासच्या बाजूने लढत होता.

रोसास बुएनोस आयरेसचा हुकूमशहा. बंदराची जकात त्याच्या खिशात, नद्यांवर त्याची नाकेबंदी. आतले प्रांत गुदमरलेले. सगळ्या प्रांतांच्या वतीने परराष्ट्र कारभारही तोच पाही. मधूनमधून तो या कामाचा राजीनामा देई आणि प्रांत त्याला हात जोडून थांबवत. १ मे १८५१ रोजी उर्किसाने तो राजीनामा चक्क मंजूर केला! मला हा क्षण त्याच्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो. ३ फेब्रुवारी १८५२ला कासेरोसच्या रणात ब्राझील आणि उरुग्वायच्या मदतीने त्याने रोसासला हरवलं, रोसास इंग्लंडला पळाला आणि पुढच्याच वर्षी देशाला राज्यघटना मिळाली. दुरुस्त्यांसह ती आजही चालू आहे.

मग बुएनोस आयरेसविरुद्धची १८६१ची पावोनची लढाई. त्याचं घोडदळ वरचढ ठरत असताना तो रण सोडून आपल्या प्रांतात परतला आणि देश बुएनोस आयरेसचा गव्हर्नर मित्रे याच्या हाती गेला. आपसातल्या रक्तपाताला तो विटला होता, असं मला वाटतं. त्याच्या स्वारांना मात्र तो दगा वाटला. १८६५ मध्ये पॅराग्वायच्या युद्धासाठी त्याने त्यांना बोलावलं, तेव्हा बासुआल्दोच्या छावणीतून हजारो जण सरळ घरी निघून गेले.

गाइडने आम्हाला शेवटी त्याच्या खोलीपाशी नेलं. ११ एप्रिल १८७०च्या संध्याकाळी लोपेस होर्दानच्या बंडातली माणसं वाड्यात शिरली. त्याच्याच प्रांतातली माणसं. तोंडावर गोळी, मग सुऱ्याचे वार, आणि तेही बायको-मुलींच्या देखत. त्याच दिवशी कोंकोर्दियात त्याचे दोन मुलगेही मारले गेले. पत्नी दोलोरेसने पुढे त्या खोलीचं प्रार्थनाघर केलं. दारावर रक्ताचे डाग अजून दाखवतात. मी हात मागे बांधून उभा राहिलो. चुकूनही स्पर्श होऊ नये, असं वाटलं.

परत येताना गावातल्या बॅसिलिकात त्याच्या समाधीपाशी थांबलो. टॅक्सीवाला बाहेरच उभा होता. गाडीत बसल्यावर हळूच म्हणाला, पावोनहून तो परत का फिरला, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही.