बर्फाची नोंदवही: चौथं शून्य आणि खोडलेलं एक वाक्य

बर्फातले हायड्रोजन बंध (एका रेणूचा हायड्रोजन आणि शेजारच्याचा ऑक्सिजन यांमधली ओढ) कसे थरथरतात, ते मी घरच्या पीसीवर गणित करून बघतोय. मागच्या वेळी अडलो होतो ते उणे ४८ या वारंवारतेपाशी; उणे म्हणजे रचना अजून स्थिर नाही. आइस-इलेव्हन या बर्फाच्या प्रकारात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत छोट्या पेटीत पाण्याचे चार रेणू, बारा अणू, म्हणजे ३६ कंपनं. त्यातली तीन अख्खा स्फटिक सरकवणारी, ती शून्याला टेकणारच. माझ्याकडे त्यांच्याही खाली आणखी एक बसलं होतं.

दोन शनिवार गेले, आणि निघालं अगदी साधं. क्वांटम एस्प्रेसो या गणिताच्या प्रोग्राममध्ये अणूंवरचं उरलेलं बल किती कमी झालं की थांबायचं, ती मर्यादा मी मूळचीच ठेवली होती, एक सहस्रांश. हायड्रोजन बंध इतका मऊ की रेणू ऊर्जेच्या तळाला पोचायच्या आधीच प्रोग्राम ‘झालं’ म्हणून मोकळा होतो. मर्यादा शंभरपट आवळली, गणिताची बारकाई ठरवणारा कटऑफ ८० रिडबर्गवर नेला, पेटी नव्याने रिलॅक्स केली, म्हणजे अणूंना पुन्हा आपापल्या जागी स्थिरावू दिलं. चौथं गायब. उणे आकडा दिसला की अकूस्टिक सम रूल (सरकणारी कंपनं शून्यावर आणणारी दुरुस्ती) लावून झाकायची सवय असेल, तर लक्षात ठेवा: त्याने ती तीनच सुधारतात.

मे महिना, मुलुंडचा वन-बीएचके, आणि दिवसरात्र घरघरणारा पीसी. आई म्हणाली, “अरे, अभ्यास बर्फाचा आणि खोलीची भट्टी?” मध्येच एकदा लाइट गेली. रन, म्हणजे चालू असलेलं गणित, जिथे थांबलं तिथून पुढे उचलता येतो, म्हणून निभावलं.

आता ३६चा हिशेब नीट लागतो: ३ सरकणारी, ९ हायड्रोजन बंध ताणणारी, १२ डोलणारी, ४ वाकणारी, ८ ओ-एच ताणणारी. आपल्या कामाची ९, बंध ताणणारी. (आपल्या फ्रीजमधला बर्फ हा नव्हे. त्यात प्रोटॉन कुठेही तोंड करून बसलेले असतात. आइस-इलेव्हनमध्ये ते शिस्तीत असतात, म्हणून इतकी छोटी पेटी पुरते.)

पण ही ९ खरोखर बंधाचीच, हे कशावरून? इथे एक फुकटची चाचणी आहे. बलस्थिरांक (अणूंमधल्या ‘स्प्रिंगां’चा ताठपणा) एकदा हाती आले की हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घालायला नवा रन लागत नाही. डायनमॅट या त्याच्याच जोडप्रोग्राममध्ये वस्तुमान १.००८चं २.०१४ करायचं, काही सेकंदांत यादी हजर. रेणू अख्खा हलत असेल तर वारंवारता २०/१८च्या वर्गमुळाने, म्हणजे जेमतेम पाच टक्क्यांनी उतरते. डोलत असेल तर १.४च्या जवळपास भाग जातो. माझी नऊच्या नऊ पाच टक्क्यांवाली निघाली. त्या रात्री झोप छान लागली.

आता चूक कबूल करतो. बर्फावर न्यूट्रॉन सोडून केलेल्या प्रयोगांत, बंध ताणणाऱ्या कंपनांच्या पट्ट्यात २८ आणि ३७ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेवर दोन शिखरं दिसतात. १९९३ साली ली आणि रॉस यांनी ‘नेचर’मध्ये त्यावरून दोन प्रकारचे हायड्रोजन बंध असल्याचं मांडलं. दुसरं स्पष्टीकरण असं की बंध एकाच प्रकारचा, फक्त काही कंपनांत चार बंध ताणले जातात, काहींत दोन. मला हेच पटतं. पण मागच्या नोंदीत मी ठोकून दिलं होतं, “चार बंध म्हणजे दुप्पट ताठ, म्हणून वारंवारता २च्या वर्गमुळाच्या पटीत जास्त.”

कुर्ल्याला लोकल सिग्नलला खोळंबली होती तेव्हा मोबाइलवर आकडे मांडले. चारही शेजारी रेणू जागच्या जागी धरले आणि रेणू एच-ओ-एच कोनाच्या दुभाजकावरून हलवला, तर प्रत्येक बंधाशी ५४.७ अंश, कोसाइनचा वर्ग १/३. चार बंधांचे ४/३. आडवा हलवला तर दोनच बंध कामाला येतात, पण प्रत्येकी २/३. बेरीज पुन्हा ४/३! स्थिर शेजाऱ्यांत दोन्ही सारखेच ताठ. म्हणजे फरक पडतो तो शेजारी सोबत हलतात की उलटे, यावरून. नुसते बंध मोजून भागत नाही. शिवाय ३७ भागिले २८ येतात १.३२, २चं वर्गमूळ म्हणजे १.४१ नव्हे, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

ते वाक्य खोडलंय. पुढच्या शनिवारी नऊही कंपनांत लगतच्या रेणूंचे हलण्याची दिशा दाखवणारे बाण एकमेकांवर ठेवून बघणार आहे. आधी मात्र पीसीचा पंखा साफ करायचाय.