पाच घंटा, एक तळघर आणि "रिलॅक्सिंग गेम आहे" म्हणणारे लोक

मी नुकत्याच संपवलेल्या एका कोड्यांच्या कॉम्प्युटर गेमबद्दल ज्यांनी "एका संध्याकाळी आरामात संपतो, डोक्याला ताप नाही" असं लिहिलंय त्यांना मला एवढंच विचारायचंय की दीपगृहाच्या तळघरात तुम्ही नक्की काय केलंत? मी तिथे जेवढा वेळ घातला तेवढ्यात बाकीचं अख्खं बेट पुन्हा फिरून झालं असतं. गेमचं नाव घेत नाही, छोटी टीम आहे, बाकीचा गेम खरंच देखणा आहे आणि मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. पण बेटावर एकटं सोडून देतात, कोणी काही सांगत नाही, दारं आणि यंत्रं उघडत जायची, असे छोटे इंडी गेम, म्हणजे छोट्या स्वतंत्र टीमने केलेले, आवडणारे बरेच जण आहेत आणि आवाजाचं कोडं अशा गेममध्ये हमखास कुठेतरी दबा धरून बसलेलं असतं, म्हणून लिहितेय.

सुरुवातीचं सगळं सुरळीत झालं. धक्का, पवनचक्की, काचघर, पाणी सोडायची झडप, एकापाठोपाठ एक. पवनचक्कीचं कोडं तर इतकं छान आहे की सुटल्यावर मी स्वतःशीच हसले. एक मांजर मागे मागे फिरतं, त्याचा कोड्यांशी काही संबंध नाही, नुसतं गोड आहे. त्यावर जास्त लिहीत नाही, रिव्ह्यूमध्ये सगळ्यांनी तेवढंच लिहिलंय. मग दीपगृह.

तर भानगड अशी आहे. बेटावर पाच ठिकाणी खांबावर घंटा टांगलेल्या आहेत, प्रत्येकीचा सूर वेगळा. दीपगृहाच्या तळघरात एक पेटी आहे, तिला पाच स्लायडर, एकेक स्लायडर वर सरकवला की सूर चढत जातो. पाच घंटांचे पाच सूर क्रमाने जुळवले की वरचा जिना उघडतो. क्रम काचघरातल्या नकाशावरून कळतो, तिथे काही अडचण नाही. कोडं काय आहे हे मला लगेच कळलं होतं बरं का, हे मुद्दाम सांगतेय, कारण अडलेल्या माणसाला लोक पहिलं हेच ऐकवतात की "नीट बघितलं नसशील". नीट बघितलं होतं. प्रश्न बघण्याचा नव्हताच, ऐकण्याचा होता.

कारण तळघरात घंटा ऐकू येत नाहीत. म्हणजे घंटा वाजवायची, तो सूर डोक्यात धरायचा, आणि मग बेटभर चालत, जिना उतरत तळघरात यायचं. पळायचं बटण नाही. चालण्याचा वेग असा की पात्र सकाळी फिरायला निघालंय. वाटेत लाटा, पक्षी, वारा, शिवाय पार्श्वसंगीत, तेही नेमकं वेगळ्या पट्टीत. तळघरात पोचेपर्यंत डोक्यात जो सूर उरतो तो घंटेचा नसतो, पार्श्वसंगीताचा असतो. आणि पेटीचा आवाज बासरीसारखा, घंटेचा आवाज घंटेसारखा, त्यामुळे दोन्ही जरी शेजारी शेजारी ठेवले तरी सुरात न मुरलेल्या माणसाला हे सारखे आहेत की नाहीत ते चटकन सांगता येत नाही. स्लायडरच्या दोन शेजारच्या खाचांमध्ये फक्त अर्ध्या सुराचा फरक. अर्धा सूर म्हणजे कंपनसंख्येत साधारण ६ टक्के. गाणारे लोक म्हणतील त्यात काय एवढं. त्यांनी म्हणावं, आम्ही गाणारे नाही.

आणि आता जे सांगतेय त्याने माझं डोकं खरं फिरलं. तळघरातून बाहेर गेलं की स्लायडर रीसेट होतात. पाचही! म्हणजे दोन सूर जुळवून तिसऱ्या घंटेकडे गेलात तर परत आल्यावर सगळे खाली. चूक सूर लावला तर पेटी काही बोलतही नाही, कुठला बरोबर कुठला चूक याचा पत्ता नाही, पाच बरोबर आले तरच खटका वाजतो. चार बरोबर आणि एक अर्ध्या सुराने हुकलेला, तरी तीच शांतता. मी प्रत्येक स्लायडरची खाच कागदावर लिहून ठेवायला लागले, वरून कितवी, खालून कितवी, तरी कुठला सूर हुकतोय ते कळायला मार्ग नाही. वैतागून मी एकदा सगळे स्लायडर वर नेऊन ठेवले आणि मांजराकडे बघत बसले.

मग मी परत रिव्ह्यू वाचायला गेले, या वेळी वेगळ्या नजरेने. स्टीमवर, म्हणजे गेम विकत घ्यायच्या ऑनलाइन दुकानात, रिव्ह्यूसोबत त्या माणसाने गेम एकूण किती तास खेळलाय आणि रिव्ह्यू लिहिताना किती तास झाले होते ते दिसतं. ते बघा, मजकूर नंतर वाचा. "शांत, सुंदर, मनाला गारवा" असं लिहिणाऱ्या बऱ्याच जणांचे तास बघितले तर ते दीपगृहापर्यंत पोचले तरी असतील का अशी शंका येते. काचघर संपलं, मन प्रसन्न झालं, अंगठा वर केला, गेले. दुसरा प्रकार तासाभरात "सगळं संपलं" म्हणणाऱ्यांचा, त्यांनी एकतर उत्तराचा व्हिडिओ बघून खाचा लावल्या किंवा त्यांचा कान देवाने वेगळा घडवलाय. आणि अंगठा खाली करणारे थोडे होते ते मात्र जवळजवळ एकमुखाने दीपगृहाबद्दल बोलत होते. मी घेताना त्यांना "कटकटे लोक" म्हणून सोडून दिलं होतं आणि अजूनही त्यातले दोघं-तिघं कटकटेच वाटतात, पण मुद्दा त्यांचा बरोबर आहे.

याहून पक्की खूण म्हणजे अचिव्हमेंटची, म्हणजे गेममध्ये एकेक टप्पा पार केल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यांची, जागतिक टक्केवारी. प्रत्येक अचिव्हमेंट किती टक्के खेळणाऱ्यांना मिळालीय ते तिथे उघड दिसतं. क्रमाने वाचत गेलात की आकडा हळूहळू उतरतो, ते साहजिक आहे, सगळे थोडीच गेम पुरा करतात. पण एका जागी आकडा एकदम धपकन खाली आला की समजायचं इथे लोक अडकून सोडून गेलेत. या गेममध्ये ती जागा कुठली हे सांगायची गरज नाही. "९५ टक्के लोकांना आवडला" या पाटीपेक्षा मला आता ही यादी जास्त खरी वाटते.

रिफंडचंही सांगते कारण बऱ्याच जणांनी विचारलं. स्टीमचा नियम आहे, विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी. मी तळघरात खाचा मोजत होते तेव्हाच २ तास उलटून गेले. तसंही मी परत केला नसता. छोट्या गेमवाल्यांची या नियमाने गोची होते हेही खरं, कारण २ तासांत संपणारा गेम पूर्ण खेळून, आवडूनसुद्धा परत करता येतो. २०२१ मध्ये एका छोट्या हॉरर गेमच्या डेव्हलपरने याच कारणाने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. पण मग मला असाही संशय येतो की काही जण गेम २ तासांच्या पुढे ढकलायला असली चालायला लावणारी कोडी घालतात. पुरावा नाही माझ्याकडे, तळघरातला संताप आहे. आणि छोटा असणं हा गुन्हा थोडाच आहे! २०१९ चा "अ शॉर्ट हाइक" बघा, बेटावरच्या डोंगराच्या टोकापर्यंत जायचं एवढीच गोष्ट, दोनेक तासांत होते, त्याला २०२० मध्ये इंडी गेम फेस्टिव्हलचं सर्वात मोठं बक्षीस मिळालं. त्यात कुठेही तुम्हाला कोंडून ठेवत नाहीत.

सुटका कशी झाली? माझ्या भाचीमुळे. ती गिटार शिकते. तिला फोनवर सगळं ऐकवलं तर म्हणाली, "अगं मावशी, तुला ऐकायचंय कशाला? ट्यूनर लाव ना." गिटार जुळवायचं फुकट ॲप असतं, त्याला आवाज दिला की सुराचं अक्षर आणि कंपनसंख्या दाखवतं, ४४० हर्ट्झ म्हणजे ए, वगैरे. मला अक्षरांतलं काही कळत नाही आणि कळायची गरजही पडली नाही. घंटेजवळ जायचं, वाजवायची, अक्षर लिहून घ्यायचं. पाचही घंटांचं एकाच फेरीत. मग तळघरात बसून एकेक स्लायडर सरकवत तेच अक्षर दिसेपर्यंत थांबायचं. एकदाच जायचं असल्याने रीसेटचा जाचही गेला.

एक अडचण आली, ती सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पेटीचा सूर ॲपला लगेच कळतो पण घंटेवर काटा नाचतो. भाची म्हणाली घंटेच्या एका टोल्यात बरेच सूर असतात, त्यातला एक मूळ सुराच्या तीन अर्धे सूर वरचा असतो आणि तोही चांगला ठळक, म्हणून ॲप गोंधळतं. सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतो तो खालच्या सप्तकातला गुंजारव, त्याचं अक्षर मूळ सुराचंच असतं. म्हणजे टोल पडल्या पडल्या बघायचं नाही, आवाज विरत आला की जे अक्षर स्थिर दिसतं ते लिहायचं. गेमवाल्यांनी बहुतेक खरीच घंटा रेकॉर्ड केली असावी कारण हे अगदी तसंच निघालं. पेटीचे सूर एकाच सप्तकातले आहेत, त्यामुळे ॲपमध्ये अक्षराशेजारी सप्तकाचा जो आकडा दिसतो तो बघायची गरज नाही.

हेडफोन काढा हे आधी सांगायला हवं होतं, नाहीतर फोनला ऐकू येणार कसं. पार्श्वसंगीत शून्यावर. लाटांचा आवाज या गेममध्ये वेगळा बंद करता येत नाही, इफेक्टच्या आवाजाच्या एकाच सेटिंगमध्ये घंटा आणि लाटा दोन्ही, म्हणून खांबाला अगदी चिकटून उभं राहा.

खटका वाजला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की घरातले धावत आले. व्हिडिओ न बघता सोडवलं, ट्यूनर ही फसवणूक आहे असं कोणी म्हणालं तर खुशाल म्हणा.

राग मात्र गेला नाही, कारण हे काही नवीन दुखणं नाहीये. १९९३ च्या "मिस्ट"मध्ये, ज्याने हा बेटावरच्या कोड्यांचा अख्खा प्रकार लोकप्रिय केला, अवकाशयानात ऑर्गनच्या सुरांशी पाच स्लायडर जुळवायचे होते आणि तेव्हापासून लोक त्याला शिव्या देतायत. तेच पाच स्लायडर इतक्या वर्षांनी परत! ज्यांना ऐकू कमी येतं किंवा येतच नाही त्यांनी काय करायचं? घंटा हलली की खांबावर रंगाची एखादी रेघ उजळली असती तरी काम झालं असतं. "द विटनेस"मध्ये, २०१६ चा, जंगलात पक्ष्यांच्या आवाजावरची कोडी आहेत, तीही काहींना अशक्य वाटतात, पण तिथे बेटावर ११ लेझर आहेत, एकेका भागातली कोडी सोडवून चालू करायचे, आणि शेवटचा डोंगर उघडायला ७ पुरतात, म्हणजे जंगल सोडून पुढे जाता येतं. याला म्हणतात खेळणाऱ्याचा विचार. इथे दीपगृहाशिवाय शेवट नाही.

अजून एक आठवलं, या गेममध्ये उपयोग नाही पण डावी-उजवीकडून आवाज येणारी कोडी असतात तिथे कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू नाही ना ते बघून घ्या. चालू असेल तर दोन्ही कानांत सारखंच येतं आणि तुम्ही जन्मभर दिशा शोधत बसाल.

दीपगृहाच्या वरचा शेवट चांगला आहे, थोडा लवकर उरकलाय, सांगत नाही. रिव्ह्यूमध्ये मी अंगठा वरच केला, आणि पहिल्या ओळीत ठळक लिहिलं की दीपगृहाला ट्यूनर ॲप जवळ ठेवा, आणि स्लायडर रीसेट होणं बंद करा. त्याखाली गेमवाल्यांचं उत्तर आलं, आभार, नोंद घेतली आहे. नंतर अपडेटही आलं. आता मांजराला टोपी घालता येते. स्लायडर अजून रीसेट होतात.